जुळलेल्या हाडांचं वय

निवृत्त पोस्टमास्तर दिनकरराव कुंभोजे यंत्राच्या बोगद्यातून बाहेर आले, उठून बसले आणि चष्मा शोधू लागले. काचेपलीकडून डॉक्टर हर्षदा मगदूमने माइकवर विचारलं, "काका, लहानपणी डावं मनगट मोडलं होतं का हो तुमचं? चौथी-पाचवीत असताना?"

दिनकरराव चष्मा हातात धरून तसेच थांबले. मग त्यांचं बोळकं हसू लागलं. "चिंचेवरनं पडलो होतो. घरी कळलं असतं तर वडिलांनी उजवंही मोडलं असतं! मामीनं हळदीचा लेप लावला, फडकं बांधलं आणि गप्प बस म्हणाली. आमच्या मंडळींनाही हे ठाऊक नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या मनगटानं," हर्षदा म्हणाली.

मिरजेतल्या त्या रुग्णालयात वयचित्रक बसून दीडेक वर्ष झालं होतं आणि अशी गंमत अधूनमधून घडायचीच. साध्या एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसतं, जुळलेलंही दिसतं. पण एकदा जुळून गेलेलं हाड मुळात मोडलं कधी, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. वयचित्रक ते सांगत असे. हाड म्हणजे काही दगड नव्हे. चुन्यासारख्या क्षारांच्या आत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणलेले असतात, आणि माणूस जसा म्हातारा होतो तशा त्या धाग्यांना बारीक बारीक गाठी पडत जातात. मोडलेलं हाड जुळतं तेव्हा त्या जागी नवे धागे विणले जातात आणि त्यांच्या गाठी पहिल्यापासून पडू लागतात. जुन्या सदऱ्याला नव्या कापडाचं ठिगळ लावावं, तसं ते जुळलेलं हाड शेजारच्या हाडापेक्षा तरुण राहतं. वयचित्रक चुंबकाच्या मदतीनं या गाठी मोजायचा आणि त्यांना रंग द्यायचा. मूळ हाड पिकल्या पानासारखं पिवळट तपकिरी, आणि नंतर जुळलेली प्रत्येक जागा हिरवी. इजा जितकी अलीकडची, तितका हिरवा रंग कोवळा.

अंगात वाढलेल्या एखाद्या ट्यूमरचं वय कळलं की तो किती वेगानं वाढतो ते कळे, हाडं कधीपासून ठिसूळ होत गेली ते कळे. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होता. रुग्णालयाच्या दारातल्या फलकावर सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांच्या खाली 'वयचित्रण' ही नवी ओळ रंगवली गेली आणि विभागाची प्रमुख म्हणून हर्षदाचं नाव सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात सगळ्या डॉक्टरांना माहीत झालं.

पण तिला स्वतःला या यंत्राचं वेड लागलं होतं ते वेगळ्याच कारणानं. शिकत असताना तिनं अपघात विभागात रात्रपाळ्या केल्या होत्या. सुजलेला डोळा आणि मोडलेला हात घेऊन बाई यायची, सोबत नवरा नाहीतर सासू असायची आणि बाई म्हणायची, "पडले." वरचे डॉक्टर कागदावर 'पडल्यामुळे' असं लिहायचे आणि पुढच्या रुग्णाकडे वळायचे. सगळ्यांना सगळं कळत असायचं. ते 'पडल्यामुळे' हर्षदाच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आता हाडंच बोलू लागली होती. एकाच बाजूच्या बरगड्या वेगवेगळ्या वर्षी मोडलेल्या असतील, तर ती बाई इतक्या वेळा पडलेली नसते.

म्हणूनच वयचित्रणाचे नियम ठरवणाऱ्या सरकारी समितीवर तिला बोलावलं तेव्हा तिनं एकच गोष्ट लावून धरली. मारहाणीची खूण यंत्रानं स्वतःच ओळखावी आणि प्रतिमा पूर्ण झाल्याबरोबर पोलिसांच्या संरक्षण कक्षाला सूचना आपोआप जावी. डॉक्टरच्या मर्जीवर काही ठेवू नये.

समितीत इंदुताई सौंदत्ती नावाच्या वृद्ध कार्यकर्त्या होत्या. त्यांनी विचारलं, "पण बाईला आधी विचारणार नाही का?"

"विचारलं की ती नाहीच म्हणते, ताई," हर्षदा म्हणाली होती. "घाबरलेल्या माणसाची परवानगी मागणं म्हणजे मारणाऱ्याची परवानगी मागणं. म्हणूनच विचारायचं नाही."

नियम जसाच्या तसा मंजूर झाला. सुरुवातीच्या काही महिन्यांत बऱ्याच बायकांची सुटका झाली, वर्तमानपत्रांत लेख आले, एका लेखात हर्षदाचं ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापलं गेलं.

पोस्टमास्तर कपडे घालून गेल्यावर यंत्र चालवणारा तंत्रज्ञ जमीर मुल्ला म्हणाला, "मॅडम, एक बघितलंत काय? सकाळपासनं सगळे पुरुषच आलेत."

"योगायोग असेल."

"आज नाही, बरेच दिवस असंच चाललंय. बायका आल्या तर म्हाताऱ्या, नाहीतर एकट्यादुकट्या राहणाऱ्या. नवरे म्हणतात, ते नवं यंत्र नको, साधा एक्स-रे काढा. आपण साधा काढत नाही म्हटलं की स्टेशनजवळच्या जुन्या एक्स-रेवाल्याकडं जातात. काही तर आणतच नाहीत."

हर्षदानं पुढच्या रुग्णाची माहिती उघडली. "कुठलाही नवा नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो, जमीर. किती जणी वाचल्या ते बघ."

"वाचल्या, ते खरंय," जमीर म्हणाला आणि यंत्राच्या सरकत्या पाटावरची चादर बदलू लागला.

हर्षदाची आई मंगल जयसिंगपुरात हर्षदाच्या धाकट्या भावाकडे राहत असे. घर वडिलांनी बांधलेलं. वडील, म्हणजे आप्पा, हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. कडक, पण गावात मान असलेले. ते गेल्यानंतर घर, आई आणि पंपसेटचं दुकान हे सगळं रणजितकडे आलं आणि हर्षदाकडे मिरजेतला फ्लॅट आणि काम. जयसिंगपूर काही लांब नव्हतं, पण जाणं व्हायचं ते सणासुदीला. एरवी फोन. त्या हिवाळ्यात आई फोनवर बोलता बोलता मध्येच थांबायची, श्वास रोखल्यासारखी.

"काय झालं आई?"

"काही नाही गं. पाठ जराशी धरलीय."

"रणजित, हिला इकडे घेऊन ये. मी बघते."

"दाखवलंय ताई," रणजित पलीकडून म्हणायचा. "इथल्या डॉक्टरनं एक्स-रे काढलाय. वयाचं दुखणं आहे म्हणतोय. कशाला हेलपाटा घालायचा तिला?"

त्याचंही बरोबर वाटायचं. मग रणजित पंपांच्या प्रदर्शनासाठी बायको-मुलीला घेऊन कोइमतूरला गेला. कामवाली मुक्कामाला येणार होती. हर्षदानं रविवारी गाडी काढली आणि आईला न कळवताच जयसिंगपूर गाठलं. आई माजघरात खुर्चीवर बसली होती आणि उठताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. अंगावर शाल होती. हर्षदानं तिथल्या तिथे तिची पिशवी भरली.

"नको गं," आई म्हणाली. "आता बरं आहे. रणजित आला की बघू."

"मी एवढ्या मोठ्या रुग्णालयात विभाग चालवते आणि माझीच आई गल्लीतल्या एक्स-रेवर राहते. लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी आई वयचित्रकासमोर उभी राहिली तेव्हा तिनं दाराची चौकट धरून ठेवली. गोऱ्या रंगाची, ठेंगणी बाई. रुग्णालयाचा निळा झगा तिला पायघोळ झाला होता.

"ह्यात सगळं दिसतं म्हणे?" तिनं विचारलं.

"हाडं दिसतात आई. भीती वाटायचं कारण नाही, दुखत नाही काही."

"वय पण सांगतं?"

"तुझं वय मला माहीत आहे की," हर्षदा हसून म्हणाली.

आई हसली नाही. "नुसता पाठीचाच काढ ना. बाकीचं कशाला?"

"अर्धवट काढून निदान होत नसतं. चल, झोप बघू."

यंत्राच्या बोगद्याची भीती पुष्कळांना वाटते, तशीच तिलाही वाटत असावी, असं हर्षदाला वाटलं. तिनं आईच्या बांगड्या उतरवल्या, तिला हाताला धरून पाटावर निजवलं, कपाळावरचे केस मागे सारले. आईनं डोळे मिटून घेतले. ते यंत्र सुरू होण्याच्या कितीतरी आधी.

प्रतिमा पायांपासून वर सरकत तयार होत गेली. पावलं, नडग्या, गुडघे, सगळं पिकल्या पानासारखं, वयाला साजेसं. कंबर आली. मग पाठीचा एक मणका आला, दबलेला, आणि त्याच्या कडेनं इतका फिका हिरवा रंग की पांढराच वाटावा. काही आठवड्यांपूर्वीची इजा. हर्षदा पुढे वाकली. त्यानंतर बरगड्या आल्या. उजव्या बाजूला हिरव्या ठिपक्यांची एक ओळ होती. एक गर्द, त्याखाली जरा फिका, दोन त्याहून फिके. शेवटी तिची नजर डाव्या हाताकडे गेली. कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मध्ये गर्द हिरवा पट्टा.

विद्यार्थ्यांना ती दर वर्षी हे शिकवायची. पडणारा माणूस हात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. अंगावर येणारा घाव अडवायला वर केलेल्या हाताचं मात्र मधलं हाड मोडतं.

तिच्या मनात पहिल्यांदा आले ते आप्पा. त्यांचा आवाज, टेबलावर आपटलेला हात, शाळेतली छडी. म्हणजे आप्पा आईला... आणि त्या विचाराच्या तळाशी, तिला स्वतःलाच लाज वाटेल असा, थोडा सुटकेचा भावही होता. आप्पा आता नव्हते. जे झालं ते होऊन गेलं होतं. आता कुणाला काही करायचं उरलं नव्हतं.

जमीरनं वर्षांची पट्टी सुरू केली. प्रत्येक हिरव्या ठिपक्याशेजारी अंदाजे साल उमटलं. आप्पांना जाऊन आठवं वर्ष चालू होतं. सगळ्यात जुनी इजा, ती हाताची, त्यांच्या मागून दोन वर्षांनी झालेली होती.

"त्रुटी तपास," हर्षदा म्हणाली.

"तपासली मॅडम."

"परत तपास."

त्यानं परत तपासली. काही महिने इकडे किंवा तिकडे. त्यापलीकडे यंत्र हलायला तयार नव्हतं. आणि हर्षदाला ते साल आठवलंच. त्या दिवाळीत ती जयसिंगपूरला गेली होती तेव्हा आईचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. न्हाणीत घसरले, आई म्हणाली होती. रणजितनं एक्स-रे तिच्या हातात दिला होता आणि तिनं तो खिडकीसमोर धरून पाहिला होता. हाड मध्येच मोडलेलं तिला स्वच्छ दिसलं होतं. पाहून ती म्हणाली होती, "छान बसवलंय," आणि मिरजेला परतल्यावर न्हाणीघरात टाकायला एक चांगली रबरी चटई पाठवून दिली होती.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन चौकटी लुकलुकत होत्या. 'पूर्ण' आणि 'अपूर्ण'. रुग्ण हलला, प्रतिमा फिसकटली, तर अपूर्ण म्हणायचं. मग ती पुसली जायची आणि सूचना जायची नाही. पूर्ण म्हटलं की सगळं यंत्राच्या हाती. निर्णय होईपर्यंत प्रतिमा नुसती थांबून राहायची.

हर्षदा कपडे बदलायच्या खोलीत गेली. आई स्टुलावर बसून एका हातानं बांगड्या चढवत होती.

"दिसलं," आई म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"रणजित?"

आईनं बांगडी अर्ध्यावर सोडली.

"आई, का? कशावरून?"

"कशावरून म्हणजे? कारण लागतं होय? पाणी गार का, दार उघडं का राहिलं, फोनवर ताईला काय सांगत होतीस. रोज नाही गं. महिने महिने काही नसतं. मग एकदम अंगात आल्यासारखं. मग रडतो, पाय धरतो, औषध आणतो." ती थांबली. "पूस ते. तुझ्या हातात आहे ना पुसणं?"

"पुसायचं? आणि तुला परत तिथं पाठवायचं?"

"त्याला धरून नेतील. सगळ्या गल्लीत होईल. मुलगी शाळेत जाते त्याची. आणि मग मी कुठं राहू? तू नेणार आहेस काय मला तुझ्या घरी?"

उत्तर हर्षदाच्या ओठांवर तयार असायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोरून आधी फ्लॅट गेला, कुलूपबंद, शांत. सकाळची घाई, परिषदांसाठीचे दौरे, कुणाला न विचारता जगायची लागलेली सवय. हे सगळं एका श्वासात येऊन गेलं. मग ती म्हणाली, "म्हणजे काय! नेणारच की."

"विचार करावा लागला ना," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं बांगडी उचलली आणि पुन्हा चढवू लागली. "हात मोडला तेव्हा तू फोटो बघितलास. उजेडात धरून. मला वाटलं, ही डॉक्टर आहे, हिला कळेल. मी चुलीपाशी उभी राहून वाट बघत होते तू काय विचारतीस त्याची. तू म्हणालीस, छान बसवलंय."

हर्षदा बाहेर आली तेव्हा जमीर पडद्याकडे पाठ करून बसला होता.

"जमीर," ती म्हणाली, "आई हलली असेल का रे मध्येच?"

जमीरनं तिच्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही म्हणाल तसं लिहितो मॅडम." मग म्हणाला, "ती कुपवाडची बाई आठवते? कडेवर मूल होतं. पुसा म्हणून तुमच्या पायावर डोकं ठेवलं होतं तिनं."

"आठवते."

"तेव्हा मी विचारलं होतं, अपूर्ण टाकू काय. तुम्ही नाही म्हणालात."

"तिचं पुढं काय झालं?"

"कुणास ठाऊक. आपल्याकडं काही परत आली नाही."

हर्षदा खुर्चीत बसली. पडद्यावर तिच्या आईची हाडं पिवळट प्रकाशात तरंगत होती आणि त्यांवर ते हिरवे कोंब फुटले होते. पुसलं तर ती त्या 'पडल्यामुळे' लिहिणाऱ्या डॉक्टरांतलीच एक ठरणार होती. न पुसलं तर आईनं तोंडानं मागितलेली एकमेव गोष्ट ती नाकारणार होती. आईला वाचवायचं आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. रणजितला शिक्षा व्हायला हवी, असंही सांगितलं. दोन्ही खरंच होतं. पण त्याखाली आणखी काही होतं. त्या रबरी चटईची आठवण पुसून टाकायची एक घाई होती. आणि पुढे कितीतरी दिवस हर्षदा स्वतःला विचारत राहिली, की बोट नक्की कशामुळे दाबलं गेलं.

तिनं 'पूर्ण' दाबलं.

रणजित कोइमतूरहून परतला तेव्हा पोलीस दुकानाच्या दारात उभे होते. काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. आईजवळ जायची त्याला मनाई होती, तेव्हा तो रुग्णालयातच आला आणि गाड्या लावायच्या जागेत हर्षदासमोर उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो आरडाओरडा करेल असं तिला वाटलं होतं.

"मी चुकलो," तो म्हणाला. "ते मी कोर्टातही सांगणार आहे. माझ्या हातून झालंय. पण तुला एक विचारतो ताई. तिला कावीळ झाली तेव्हा उशाशी कोण होतं? मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांत औषध कोण घालत होतं? तू दिवाळीला यायचीस, मिठाईचा डबा ठेवायचीस आणि संध्याकाळच्या आत परत जायचीस. आठ वर्षं आम्हीच त्या घरात एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो."

"म्हणून मारायचं?"

"नाही," रणजित म्हणाला. "म्हणून नाही." आणि तो वळून गेला. तो खोटं बोलला असता तर हर्षदाला सोपं गेलं असतं.

आई फ्लॅटवर राहायला आली. हर्षदानं तिच्यासाठी खोली लावली, दिवसा सोबतीला एक बाई ठेवली, मणक्यावर उपचार सुरू केले. आईनं तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. सकाळी चहा झाला काय, डबा घेतलास काय, एवढंच. बाकी दिवसभर ती सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खाली बघायची. पोलिसांनी जबाब मागितला तेव्हा तिनं सांगितलं, "पडले." न्यायाधीशांनी विचारलं तेव्हाही तेच. सरकारी वकील म्हणाले, काही हरकत नाही, प्रतिमा पुरेशी आहे, त्यांच्या बोलण्याची गरज नाही.

त्या वाक्यानं हर्षदा अस्वस्थ झाली. तिनं समितीला पत्र लिहिलं आणि मग पुण्याला जाऊन स्वतः बोलली. सूचना जाण्याआधी बाईला एकदा विचारलं जावं, तिच्यासाठी राहण्याची सोय आधी उभी करावी आणि मगच पोलीस. रुग्णालयात बायका यायच्या थांबल्यात, हेही तिनं सांगितलं. दुखणी अंगावर काढली जात होती. एका बाईची छातीतली गाठ हाताबाहेर गेल्यावरच तिच्या घरच्यांनी तिला दाखवलं होतं, कारण नवऱ्याला ते यंत्र नको होतं.

नव्या अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घाबरलेल्या माणसाची परवानगी मागणं म्हणजे मारणाऱ्याची परवानगी मागणं. हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो, मॅडम. आणि माफ करा, पण तुमच्या घरातला खटला चालू असताना तुम्ही ही मागणी करावी, हे बाहेर कसं दिसेल?"

इंदुताई आता समितीवर नव्हत्या. असत्या तर त्यांच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला असता, असा विचार हर्षदा परतीच्या वाटेवर करत राहिली.

उन्हाळा संपता संपता आईनं कोर्टात स्वतः अर्ज केला. मुलाजवळ जायची मनाई उठवावी, मला माझ्या घरी राहायचं आहे. हर्षदाला ते वकिलाकडून कळलं. ती घरी येऊन आईसमोर बसली, रागावली, रडली. आई ऐकत राहिली.

"तिथं माणसं आहेत गं," शेवटी आई म्हणाली. "नात आहे. शेजारीण हाक मारते. इथं मी सुखरूप आहे, पण सुखरूप राहून करायचं काय?"

"आणि त्यानं परत हात उचलला तर?"

"आता तो घाबरलाय," आई म्हणाली. तिचा स्वतःचा तरी त्यावर विश्वास होता की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. खटला अजून चालूच होता, पण कोर्टानं अटी घालून परवानगी दिली. पोलीस महिन्यातून एकदा घरी जाऊन विचारपूस करणार होते. हर्षदा आता दर रविवारी जयसिंगपूरला जाऊ लागली. रणजित दार उघडायचा, पाणी द्यायचा आणि दुकानात निघून जायचा. घरात सगळे एकमेकांशी हळू आवाजात बोलत, पाहुण्यांसमोर बोलावं तसं.

थंडी पडल्यावर एका रविवारी ती गेली तेव्हा आई अंथरुणात होती. खोकला, ताप आणि श्वास आखूड झालेला. हर्षदानं छातीला स्टेथोस्कोप लावला. डाव्या बाजूला तळाशी आवाज कमी येत होता. पाणी साठलेलं असू शकत होतं, न्यूमोनिया असू शकत होता. तशी, मारानं झालेली, जखमही असू शकत होती. गेली कित्येक वर्षं तिनं अशा प्रश्नाचं उत्तर नुसत्या कानांनी शोधलं नव्हतं. तिनं बोटांनी पाठीवर टिचकी मारून पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला खात्री वाटत नाही. जिथं बोट लागलं तिथं आईनं ओठ मिटून घेतले होते. खोकल्यामुळं असेल. नसेलही. ब्लाऊजच्या खाली बघावं की बघू नये, हेही तिला कळेना.

"आई, रुग्णालयात जाऊया. छातीचं चित्र काढल्याशिवाय नेमकं कळणार नाही. उशीर झाला तर अवघड होईल."

"मिरजेतल्या स्टेशनजवळच्या त्या जुन्या एक्स-रेवाल्याकडं?"

"त्याचं बंद झालं आई. सरकारनं साधी यंत्रं काढून घेतली सगळीकडची. आता नवंच आहे, सगळीकडं."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. रणजितची मुलगी दाराशी येऊन डोकावली आणि आत पळाली. आईनं उशीवरून मान वळवली. तापानं तिचे डोळे चकाकत होते, पण नजर स्वच्छ होती. तिनं हर्षदाचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"येते," ती म्हणाली. "पण मला आधी सांग. चित्र काढलंस आणि त्यात काही नवीन दिसलं, तर या खेपेला मला विचारशील काय?"